शेवटच्या पानापासून सुरुवात

१९८६ साली बोस्टनमधल्या 'बोस्टन फिनिक्स' या साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली. एका नव्या बँडला बेस गिटार वाजवणारं कोणीतरी हवं होतं. अट एकच, त्या माणसाला हुस्कर डू आवडायला हवं आणि पीटर, पॉल अँड मेरीसुद्धा. पहिला म्हणजे कानठळ्या बसवणारा पंक बँड. दुसरं म्हणजे साठच्या दशकातलं तिघांचं गोड लोकगायन. दोन्ही मनापासून आवडणारी माणसं एका शहरात असून असून किती असणार? उत्तर एकच आलं, किम डील नावाच्या मुलीचं. तिनं तोवर बेस वाजवलेली नव्हती. तिच्याकडे बेस नव्हतीच, बहिणीची घेऊन तिनं काम भागवलं. बँडचं नाव पिक्सीज. पुढे निर्वाणाच्या कर्ट कोबेननं मोकळेपणानं सांगितलं, की आपलं सर्वांत गाजलेलं गाणं बसवताना आपण पिक्सीजसारखं काहीतरी करायला बघत होतो.

तरुण रॉकप्रेमींसाठी मासिक काढायचं तर त्याची मांडणी कशी असावी, असं कोणी विचारलं की मी या जाहिरातीपासून बोलायला लागते. दोन-चार ओळींची ती जाहिरात कोणत्या टायपात होती, चौकटीत होती की नव्हती, याची चर्चा मांडणीकलेच्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. पण त्या साप्ताहिकानं संगीतासाठी केलेल्या कामातलं मोलाचं काम त्या चार ओळींनी केलं.

हे आता लिहायचं कारण असं. गेली बरीच वर्षं मी दिवाळी अंकांची आणि लहान मासिकांची पानं लावते. दोन महिन्यांपूर्वी पुण्यातल्या कॉलेजातली दोन मुलं, एक मुलगी आणि एक मुलगा, लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. त्यांना इंडी रॉकचं मासिक काढायचं होतं, मराठीतून आणि कागदावर. मुखपृष्ठ तयार होतं. काळी पार्श्वभूमी, फाटलेल्या कागदाच्या कडा, झेरॉक्सचे ठिपके, टाइपरायटरची झिजलेली अक्षरं, आणि कोपऱ्यात सेलोटेपचा तुकडा चिकटवल्याचं चित्र. मुलगी म्हणाली, "ताई, जरा अजून 'रॉ' दिसायला हवंय." मी विचारलं, शेवटच्या पानावर काय आहे? दोघं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटचं पान अजून त्यांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

मुलं हुशार आहेत, त्यांचा कान तयार आहे, आणि मासिक निघावं असं मला फार वाटतं. म्हणूनच त्या दिवशी घाईत अर्धवट बोलले ते इथे नीट लिहिते. माझं म्हणणं सरळ आहे. तरुणांसाठी काढलेल्या संगीताच्या मासिकाची मांडणी मागून पुढे करावी. आधी छोट्या जाहिराती, मग कार्यक्रमांची यादी, मग वाचकांची पत्रं, मग परीक्षणं, मग मोठे लेख, आणि मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी. असं मासिक चाललं की नाही हे मोजायचं एकच माप मला पटतं, ते वाचून किती माणसं एकमेकांना भेटली.

'इंडी' या शब्दाचा उगम एकदा नीट बघून घेऊ, कारण मांडणीचं उत्तर त्यातच आहे. आज तो शब्द एका विशिष्ट आवाजाला लावतात, पण मुळात तो धंद्याच्या व्यवहाराचा शब्द होता: मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांवर न विसंबता स्वतंत्रपणे काढलेली रेकॉर्ड. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. तिच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे माहिती छापली होती, हे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं आणि वरून काही भर घातली की नाही. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडनं आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या झेरॉक्स केलेल्या वेष्टनावर खर्चाचा हिशेबच दिला. ध्वनिमुद्रणाला किती, रेकॉर्ड दाबायला किती, लेबलं छापायला किती. रेकॉर्डचं वेष्टन हे खरं तर मिरवायची जागा. या मुलांनी तिथे किराणा दुकानाच्या बिलासारखी यादी छापली आणि वाचणाऱ्याला कळलं, एवढ्यात होतं, म्हणजे आपल्यालाही जमेल. इंडीची मांडणी मला कोणी एका वाक्यात विचारली तर मी या हिशेबाकडे बोट दाखवीन.

बझकॉक्स जन्माला आले तेही अशाच चार ओळींमुळे. हॉवर्ड डिव्होटोनं बोल्टनमधल्या आपल्या कॉलेजात सूचना फलकावर चिठ्ठी लावली, तिला पीट शेलीनं उत्तर दिलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये या दोघांनी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' अर्थात एनएमई या साप्ताहिकात लंडनच्या एका कार्यक्रमाचं छोटंसं परीक्षण वाचलं. त्यात सेक्स पिस्टल्स नावाच्या, तोवर कोणाला फारशा माहीत नसलेल्या बँडचं वर्णन होतं. दोघांनी गाडी मिळवली, दक्षिणेकडे निघाले, तो बँड सलग दोन रात्री ऐकला, आणि ४ जून १९७६ रोजी त्यांना मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये आणलं. तिकीट पन्नास पेन्स. प्रेक्षक साधारण चाळीस. त्या चाळिसात पुढे जॉय डिव्हिजन काढणारे बर्नार्ड सम्नर आणि पीटर हूक होते, स्मिथ्सचा मॉरिसी होता. हूकनं दुसऱ्या दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली. मॉरिसीनं त्या कार्यक्रमावर एनएमईला पत्र लिहिलं आणि ते छापून आलं.

हा क्रम पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. फलकावरची चिठ्ठी, आतल्या पानावरचं छोटं परीक्षण, पन्नास पेन्सचं तिकीट, वाचकाचं पत्र. एका शहराचं संगीत उभं राहिलं ते या चार कागदांवर. त्या आठवड्यात एनएमईच्या मुखपृष्ठावर कोण होतं, याचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही.

आणि हे एकदाच घडलं असंही नाही. १९७० च्या शेवटाला स्टीव्ह हॅकेटनं 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात जाहिरात दिली, ती वाचून पीटर गॅब्रिएलनं त्याला जेनेसिसमध्ये घेतलं. १९८५ मध्ये व्हिन्स क्लार्कला अँडी बेल मिळाला तोही 'मेलडी मेकर'च्या जाहिरातीतून. त्यातून इरेजर झाला. १९८९ मध्ये स्वेडनं एनएमईत जाहिरात दिली आणि बर्नार्ड बटलर आला. गिटार शिकलेला, एकटा पडलेला, आपल्या आवडीचं गावात कोणी नाही म्हणून कुढणारा मुलगा दर आठवड्याला ती पानं बोटानं ओळ अन् ओळ वाचत असे. मांडणीकारानं डोळ्यांपुढे ठेवायचा वाचक तो. मोठ्या बँडची मुलाखत त्याला हवीच असते, पण त्या मुलाखतीत त्याच्यासाठी जागा नसते. शेवटच्या पानावर असते.

आता 'रॉ' दिसण्याविषयी.

जुलै १९७६ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या मार्क पेरी या एकोणीस वर्षांच्या बँक कारकुनानं 'स्निफिन ग्लू' हे पंकचं पहिलं गाजलेलं घरगुती मासिक काढलं. लहानपणी मिळालेल्या मुलांच्या टाइपरायटरवर मजकूर बडवला, मथळे जाड फेल्ट पेननं लिहिले, चुकलेले शब्द खोडले आणि खोडलेले तसेच ठेवले. मैत्रिणीच्या ऑफिसातल्या मशीनवर झेरॉक्स काढल्या. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच. त्या पानांकडे बघताना आज आपल्याला एक 'शैली' दिसते. पेरीला ती शैली म्हणून दिसत नव्हती. त्याच्याकडे तेवढीच साधनं होती आणि त्याला घाई होती; ज्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं तो शिळा व्हायच्या आत अंक हातात पडायला हवा होता. खोडलेला शब्द पुन्हा टाइप करायचा तर सबंध पान पुन्हा टाइप करावं लागे. म्हणून खोडलेला शब्द राहिला. वाचकाला त्यातून एकच गोष्ट समजत होती: हे माझ्यासारख्याच कोणीतरी घरी बसून केलंय. पेरीनं ते उघडपणे लिहिलंही, की माझ्या मासिकावर समाधान मानू नका, तुमची स्वतःची काढा. आणि लोकांनी काढली, गावोगावी. 'साइडबर्न्स' नावाच्या अशाच एका अंकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या हातानं काढल्या होत्या आणि खाली वाचकाला बँड काढायला सांगितलं होतं. मला ठाऊक असलेल्या संगीताच्या मासिकांतलं ते सर्वांत चांगलं पान. त्यात चित्र आहे, सूचना आहे आणि वाचकावरचा विश्वास आहे.

माझ्यासमोरच्या लॅपटॉपवर मात्र फाटलेला कागद हा विकत घेतलेला फाटलेला कागद होता. झेरॉक्सचे ठिपके तयार फाइलमधून आले होते. मुलांनी त्यावर तीन रात्री घालवल्या होत्या. एवढ्या वेळात हाताशी असलेल्या साधनांनी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यानं, कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानानं आणि स्वतःच्या हस्ताक्षरानं, त्यांचा अर्धा अंक तयार झाला असता. आणि तो कोणासारखा दिसला असता? त्यांच्यासारखा. पेरीचं अनुकरण करायचं तर त्याच्या पद्धतीचं करावं, खोडलेल्या अक्षरांचं नको. रूप असं उसनं घेतलं की त्यातला अर्थ मागेच राहतो.

मांडणीकार नेव्हिल ब्रॉडीनं हे अनुभवलं. निक लोगननं १९८० मध्ये स्वतःची साठवलेली पुंजी घालून 'द फेस' हे मासिक काढलं, आणि पुढच्या वर्षापासून ब्रॉडी त्याचा कला संपादक झाला. त्यानं मथळ्यांसाठी स्वतः अक्षरं घडवली, टोकदार, भौमितिक, आधी कोणी न पाहिलेली. थोड्याच दिवसांत ती अक्षरं कपड्यांच्या दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत सगळीकडे दिसायला लागली. त्यानंतर 'अरीना' या मासिकासाठी ब्रॉडी मुद्दाम साध्या हेल्वेटिकाकडे वळला. आपलीच अक्षरं दुसऱ्यांच्या मालाची वेष्टनं झालेली बघून जे करायला हवं, ते त्यानं केलं.

मग १९९२ मध्ये अमेरिकेत 'रे गन' हे संगीताचं मासिक आलं. डेव्हिड कार्सन त्याचा मांडणीकार. हा माणूस आधी सर्फर, समाजशास्त्राचा शिक्षक; मांडणीचं रीतसर शिक्षण जवळजवळ नाही. त्यानं स्तंभ मोडले, ओळी एकमेकींवर चढवल्या, मथळा पानाबाहेर जाऊ दिला. त्याच्या पानात गिटारची फीडबॅक ऐकू येते, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. अक्षराला आवाज असतो हे त्यानं दाखवून दिलं, आणि आमच्या पिढीतल्या पानं लावणाऱ्या प्रत्येकावर त्याचं ऋण आहे.

पण १९९४ मधली एक गोष्ट मला कधीच पटलेली नाही. गायक ब्रायन फेरीची मुलाखत कार्सनला कंटाळवाणी वाटली, म्हणून त्यानं ती झापफ डिंगबॅट्समध्ये लावली. हा फॉन्ट म्हणजे नुसती चिन्हं: तारे, बाण, फुल्या, कात्र्या. एकही अक्षर वाचता येत नाही. वाचता येईल असा मजकूर अंकात मागे दिला होता, हेही खरं. मांडणीकलेच्या वर्गात ही गोष्ट धाडसाचं उदाहरण म्हणून सांगतात. माझ्या मते ती मांडणीकाराची चूक होती. मुलाखत कंटाळवाणी आहे की नाही हे ठरवायचा हक्क ती विकत घेणाऱ्या सतरा वर्षांच्या वाचकाचा होता. त्याच्याकडे महिन्याला एकाच मासिकापुरते पैसे असतात. तो जाहिरातींच्या ओळीसुद्धा वाचतो. लेखकानं प्रवास केला, प्रश्न विचारले, टेप उतरवून काढली. लेख खरंच वाईट असेल तर संपादकानं तो परत द्यावा. पानावर बसून वाचकाच्या आधी निकाल देणं हे आमचं काम नाही.

त्याच 'रे गन'मध्ये दुसरंही एक सदर होतं, त्याचा उल्लेख कमी होतो. गाण्यांवरून वाचकांनी काढून पाठवलेली चित्रं त्यात छापत. कुठल्यातरी गावात स्वतःच्या खोलीत बसून काढलेलं चित्र, पूर्ण पानावर, नावासकट. कार्सनच्या सगळ्या पानांपैकी मला ही पानं जास्त मोलाची वाटतात.

वाचनीयतेचा प्रश्न देवनागरीत आणखी अवघड होतो, आणि आमच्या मुलांचं मासिक मराठीत निघणार आहे. रोमन अक्षर थोडं चिरडलं तरी ओळखू येतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार. खाली उकार, ऋकार. दोन ओळींमधलं अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. काळ्या पानावर पांढरा बारीक टाइप लावला आणि कागद न्यूजप्रिंटसारखा शाई पिणारा असला, की अनुस्वार बुजतो. 'मंद'चं 'मद' होतं. मुलांच्या मुखपृष्ठाच्या आतला मजकूर असाच होता: काळ्यावर करडा, साडेआठ पॉइंट. मी तो छापून आणायला लावला. ट्यूबलाइटखाली धरला तेव्हा मुलालाच स्वतःचा लेख वाचता येईना. त्यानंतर त्या विषयावर आमचा वाद झाला नाही.

'मराठीत रॉक कसं शोभेल' ही शंकाही त्यांनी बोलून दाखवली. बँडची नावं रोमनमध्ये ठेवू या का, असं विचारत होती. मी त्यांना कमल शेडगे यांचं काम दाखवलं. मराठी नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली, की अक्षर बघूनच नाटकाचा पिंड कळावा. 'मत्स्यगंधा' हे नाव आजही त्यांच्या अक्षरांशिवाय आठवत नाही. अक्षरातून स्वभाव बोलू शकतो, हे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत त्यांनी कार्सनच्या कितीतरी आधी दाखवलं. हुस्कर डू, पिक्सीज, बझकॉक्स ही नावं देवनागरीत लिहायला काय हरकत आहे? उच्चार तरी नीट होतील. मथळ्याची अक्षरं मात्र हातानं काढा, तयार फॉन्ट लावू नका, एवढाच माझा आग्रह.

आपल्याकडे या सगळ्याचा वारसा नाही असं समजायचं कारण नाही. १९६५ मध्ये अलाहाबादमध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी मित्रांबरोबर 'डॅम यू' नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं, तेव्हा त्यांचं वय जेमतेम अठरा होतं. ते नाव त्यांना सुचलं न्यूयॉर्कच्या एड सँडर्सच्या अशाच हाती छापलेल्या मासिकावरून, आणि हा सँडर्स म्हणजे 'द फग्ज' या रॉक बँडचा संस्थापक. पुढे १९७६ मध्ये मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर यांनी मुंबईत 'क्लिअरिंग हाउस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पुस्तकांची मांडणी कोलटकरांची. लंडनमध्ये पेरी टाइपरायटर बडवत होता त्याच वर्षी मुंबईत कोलटकरांचं 'जेजुरी' आलं, कवींनीच काढलेलं. आणि कोलटकरांनी त्याआधी, १९७३ मध्ये, स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रितही करून बघितली होती. मराठीतल्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांची गोष्ट याहून वेगळी नाही. मोठ्या मासिकांत जागा नसलेल्यांनी सायक्लोस्टाइलवर स्वतःची जागा करून घेतली.

योगायोग म्हणजे भारतातल्या रॉकचं मासिकही अलाहाबादलाच जन्मलं. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी तिथून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं. मुंबई, दिल्ली, बंगळुरू सोडून अलाहाबाद! पण विचार केला तर पटतं. मुंबईतल्या मुलाला रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव ऐकायला मिळत होता, एकमेकांना ओळखणारी माणसं कट्ट्यावर भेटत होती. मासिकाची खरी गरज असते ती ज्याच्या आजूबाजूला कोणी नाही त्याला. शिलाँगमध्ये कोण वाजवतंय हे पुण्याला कळायला तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. सैगल २०१२ मध्ये गोव्यात वारले तेव्हा देशभरच्या वादकांनी जे दुःख व्यक्त केलं, ते असा एक धागा तुटल्याचं होतं.

यावर मुलांचा आक्षेप येणारच होता, आणि तो खरा आहे: "ताई, हे सगळं आता इन्स्टाग्रामवर होतं." ड्रमर हवा असेल तर स्टोरी टाकायची, कार्यक्रम असेल तर पोस्टर टाकायचं. मग कागद कशाला?

मी याचा प्रामाणिकपणे विचार केला. फोनवर ती स्टोरी कोणाला दिसणार हे कंपनीचं यंत्र ठरवतं, आणि मुख्यतः ती तुम्हाला आधीच ओळखणाऱ्यांना दिसते. चोवीस तासांत जाते. गाणी ऐकवणारं ॲप तुम्ही काल जे ऐकलं त्यावरून आज काय ऐकावं हे सुचवतं. हुस्कर डूवाल्याला आणखी हुस्कर डू. पीटर, पॉल अँड मेरीचं नाव तिथे त्याच्यासमोर येईलच असं नाही. छापील पान सगळ्यांपुढे सारखंच येतं. ज्याला ड्रमर नको आहे तोही ती ओळ वाचतो, आणि त्याला आठवतं की आपला मावसभाऊ ड्रम वाजवतो. शिवाय ते पान राहतं. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हे संगीताच्या कार्यक्रमांचं ठिकाण सुरू झालं आणि २०१६ मध्ये बंद झालं. नऊ वर्षांत तिथे कोण कधी वाजवून गेलं, याचा माग काढायचा तर आज जुन्या पोस्टरांच्या मागे लागावं लागतं, आणि पोस्टरवर वार असतो, तारीख असते, साल बहुतेक वेळा नसतं. मासिकातली कार्यक्रमांची यादी हा आज उपयोगाचा आणि उद्या इतिहासाचा कागद असतो. म्हणून यादीत साल छापा. ही बारीक सूचना वाटेल, पण मँचेस्टरच्या त्या चाळीस जणांत कोण होतं आणि कोण नव्हतं यावर पुढे पुस्तक लिहायची वेळ आली.

परीक्षणांविषयी थोडक्यात. पिचफोर्क या संकेतस्थळानं १९९६ पासून इंडी रॉकवर गंभीरपणे, भरपूर आणि अनेकदा उत्तम लिहिलं. पण त्यांनी प्रत्येक रेकॉर्डच्या डोक्यावर दशांशात गुण छापले. २००४ मध्ये आर्केड फायरच्या पहिल्या अल्बमला ९.७ मिळाले, त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या अल्बमला ०.०. आज त्या दोन परीक्षणांतलं एकही वाक्य लोकांना आठवत नाही, आकडे आठवतात. मोठा आकडा वर आणि मजकूर खाली, ही मांडणीच वाचकाला सांगते की खालचं वाचायची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनीनं पिचफोर्क 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकात विलीन केलं. एनएमईचा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्येच थांबला होता. मोठ्या घरांचं हे असं चालतं. म्हणून गुण देऊ नका. त्या जागी रेकॉर्ड कुठे मिळेल, बँड कुठल्या गावचा आहे आणि पुढे कुठे वाजवणार आहे, एवढं द्या.

आता प्रत्यक्ष अंक. ए-फोर आकाराचे चार कागद घ्या, मध्यात दुमडा, दोन पिना मारा. ए-फाइव्हची सोळा पानं झाली. पाठीवरच्या पिशवीत मावतं, झेरॉक्सवर निघतं, पोस्टानं स्वस्तात जातं. अशा अंकात मधली दोन पानं एकाच कागदावर सलग येतात, ती पिनांतून सोडवून सहज काढता येतात. लोकांना वाटतं तिथे मोठा फोटो लावावा. तिथे कार्यक्रमांची यादी लावा: तारीख, वार, साल, जागा, पत्ता, तिकीट, शेवटची बस किंवा लोकल किती वाजता. ज्याला हवं तो ती काढून भिंतीवर चिकटवील. यादीचा टाइप अंकातला सर्वांत सुवाच्य टाइप असू द्या. मुलीला रात्री घरी परत जायचं असतं आणि तिची आई ते पान वाचणार असते, हे डोक्यात ठेवून ते लावा.

पत्रांसाठी दोन पानं, आणि पत्र लिहिणाऱ्याचं नाव लेखकाच्या नावाएवढ्याच आकारात. लेख डावीकडून जुळवलेल्या ओळींत, भरपूर समास ठेवून. अंकाच्या छपाईचा खर्च एका कोपऱ्यात, स्क्रिटी पोलिटीसारखा, पैशापैशाचा. तो वाचून दुसऱ्या गावातली मुलं स्वतःचा अंक काढतील, आणि त्यांना अडवू नका, मदत करा. पेरीनं बाराव्या अंकानंतर, खप हजारोंवर गेलेला असताना, स्वतःहून 'स्निफिन ग्लू' थांबवलं. त्या शेवटच्या अंकासोबत त्याच्या स्वतःच्या बँडची लवचीक तबकडी होती. मासिक काढणारा स्टेजवर गेला. तुमचंही तसं झालं तर अंक बंद पडल्याचं दुःख करू नका.

मलपृष्ठ रंगीत जाहिरातीला विकू नका. पैसे लागतील, मला ठाऊक आहे; आतलं पान विका. शेवटच्या पानावर पहिल्या अंकापासून बारा चौकटी आखा आणि वर ठळक लिहा, की चार ओळींची जाहिरात फुकट. पहिल्या वेळी बाराही भरणार नाहीत. रिकाम्या राहतील त्या रिकाम्याच छापा, आत काही चित्र घालून भरू नका. वाचणाऱ्याला दिसू दे, की तिथे जागा आहे. पेन घेऊन तो त्या कागदावरच लिहील आणि कॉलेजच्या फलकावर लावील.

मुखपृष्ठ मग करू. तुम्ही दोघं पुढच्या रविवारी या, चार कागद आणि जाड पेन घेऊन. आधी शेवटचं पान लावू. पहिल्या वर्षाची माझी वर्गणी भरून ठेवते आहे.